युक्तिवाद की बोलबच्चन? वक्तृत्वशास्त्र, पेशा आणि शिक्षण याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विधी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना युक्तिवाद आणि मांडणी शिकवतो. दरवर्षी नवी तुकडी येते आणि जुनेच प्रश्न घेऊन येते. पालक विचारतात, नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी रात्री अकराला मेसेज करून विचारतात, एखादा डॉक्टर मित्र जेवताना विचारतो. तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांत देण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकमेकांचा हवाला देता येईल.

१. ऱ्हेटॉरिक म्हणजे आपलं वक्तृत्वच ना? मग हा जड शब्द कशाला?

'वक्तृत्व' म्हटलं की माईक, हातवारे आणि टाळ्या आठवतात. 'अलंकारशास्त्र' म्हटलं की अनुप्रास आणि यमक. दोन्ही शब्द अर्धवट. ॲरिस्टॉटलने या विद्येची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा: समोर कोणताही विषय असो, त्यात पटवून देण्यासारखं काय काय आहे ते हेरण्याची शक्ती. इथे भर हेरण्यावर आहे, बोलण्यावर नाही. त्या अर्थाने शस्त्रक्रियेआधीचं संमतीपत्र, पुलाच्या तपासणीचा अहवाल, जामिनाचा अर्ज आणि नगरपालिकेला लिहिलेली तक्रार या सगळ्यांत ही विद्या आहे, तोंडातून एक शब्दही न काढता.

रोमन लोकांनी तिचे पाच भाग पाडले होते: मुद्दे शोधणं, त्यांची मांडणी, भाषा, स्मरण आणि प्रत्यक्ष सादरीकरण. आपल्याकडे शाळेत शेवटचे दोनच शिकवतात. त्याबद्दलची कुरकुर प्रश्न ११ मध्ये.

२. मग 'हे नुसतं ऱ्हेटॉरिक आहे' असं हिणवून का म्हणतात?

बदनामी जुनी आहे. प्लेटोच्या 'गॉर्जियास' या संवादात सॉक्रेटिस या विद्येला स्वयंपाकाच्या पंगतीत बसवतो. वैद्य शरीराला हितकर ते देतो, आचारी जिभेला आवडेल ते देतो आणि मुलांसमोर दोघांची स्पर्धा लावली तर आचारी जिंकतो. टोला जबरदस्त आहे. (तो हाणण्यासाठी वापरलेली उपमा हेही वक्तृत्वशास्त्रच, ही त्यातली गंमत.)

दुसरा घाव सोळाव्या शतकातला. पेत्रुस रामुस या फ्रेंच पंडिताने मुद्दे शोधणं आणि मांडणी हे दोन भाग उचलून तर्कशास्त्राच्या पदरात टाकले. वक्तृत्वशास्त्राकडे उरली भाषेची सजावट आणि सादरीकरण. घरातली कमावती माणसं नेली आणि मग उरलेल्या घराला निरुद्योगी म्हणायचं, असा तो प्रकार. आज आपण ज्याला नाक मुरडतो ते हे उरलेलं घर आहे.

३. पुरावा भक्कम असेल तर मांडणीची गरजच काय? सत्य आपोआप पटतं.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणारे बहुधा विज्ञानाचे असतात. त्यांना मी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात नेतो, साल १८४७.

तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं, की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात १८ मृत्यू होते, जूनमध्ये दोनच्या आसपास आले. याहून स्वच्छ पुरावा कुठला हवा?

तरी बहुतेक थोर डॉक्टरांना तो पटला नाही. जंतूंचा सिद्धान्त अजून यायचा होता, त्यामुळे हात धुतल्याने नेमकं काय होतं हे सांगता येत नव्हतं. हे कारण खरंच आहे आणि ते झाकून सगळं खापर मांडणीवर फोडणं अन्यायाचं होईल. पण सेमेलवाइसने आपलं पुस्तक काढलं ते १८६१ मध्ये, तब्बल चौदा वर्षांनी. आणि न पटलेल्यांना त्याने जाहीर पत्रं लिहून खुनी ठरवलं. ज्या माणसाने हात धुवावेत अशी इच्छा आहे, त्यालाच आधी कबूल करायला लावायचं की माझ्या हाताने बायका मेल्या. कोण करेल?

याच काळातली फ्लॉरेन्स नाइटिंगेल पाहा. क्रिमियाच्या युद्धातले मृत्यूंचे आकडे तिच्याकडे होते. ते तक्त्यात ठेवले तर मंत्री पान उलटणार, हे तिला ठाऊक होतं. तिने १८५८ मध्ये पाकळ्यांसारखी आकृती काढली: टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचं क्षेत्रफळ एका रंगात, जखमांनी मेलेल्यांचं दुसऱ्यात. सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीने जास्त मरतात, हे पाहणाऱ्याला एका नजरेत दिसतं. आकडे तेच राहिले. पाहणारा कोण आहे आणि त्याने काय करायला हवं आहे, याचा विचार त्यांत मिसळला.

४. इथोस, पेथोस, लोगोस हे पाठ करावं लागेल का?

परीक्षेपुरतं करा. बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क, बस्स. पण तीन डबे समजून भाषणात चमचा-चमचा टाकू नका. गावातल्या जुन्या डॉक्टरीणबाई 'काळजी करू नका, पण उद्या सोनोग्राफी कराच' म्हणतात तेव्हा या एका वाक्यात तिन्ही असतात आणि वेगळे काढता येत नाहीत.

५. हे सगळं ग्रीक-रोमन झालं. आपल्याकडे काही होतं की नाही?

होतं, आणि माझ्या मते पेशाच्या शिक्षणाला ते जास्त जवळचं आहे.

न्यायसूत्रांत, म्हणजे 'न्याय' या भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहायचं, ती वितंडा. मराठीत आपण 'वितंडवाद घालू नकोस' म्हणतो तो शब्द इथलाच. गंमत म्हणजे यांतला सगळ्यांत चांगला शब्द, वाद, आपण भांडणाला देऊन टाकला.

छल नावाचा प्रकारही तिथे आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण 'नवकंबल'. एक जण म्हणतो, या मुलाकडे नव कंबल आहे, म्हणजे नवीन कांबळं. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर आहे! वर्तमानपत्रातली निम्मी राजकीय चकमक या एका उदाहरणात बसते.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढच्या भारतीय तार्किकांनी केलेला भेद: स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. इथे स्वार्थ म्हणजे आपमतलब नव्हे. डोंगरावर धूर पाहिला आणि मनात आलं की आग असणार, हे स्वतःपुरतं अनुमान. तेच दुसऱ्याला पटवायचं तर पाच पायऱ्या लागतात: डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण तिथे धूर आहे (हेतू), जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), हा डोंगरही तसाच धुराचा आहे (उपनय), म्हणून तिथे आग आहे (निगमन). समोर ऐकणारा आला की तर्काचा घाटच बदलतो, हे इथे तर्कशास्त्राच्या आतच मान्य केलं आहे. रामुसने केलेली ताटातूट (प्रश्न २) इथे झालीच नाही. आणि वकील, डॉक्टर, इंजिनिअर यांचं काम पाहा: त्यांचं जवळपास सगळं अनुमान परार्थ असतं. निर्णय दुसरा कुणी घेणार असतो किंवा परिणाम दुसरा कुणी भोगणार असतो.

चरकसंहितेच्या 'विमानस्थान' या भागात तर वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचं सविस्तर प्रकरण आहे. मित्रभावाने होते ती संधाय संभाषा, कुरघोडीसाठी होते ती विगृह्य संभाषा. समोरचा कसा आहे, सभा कशी आहे, ते जोखून मग बोलावं, असा सल्लाही आहे. काही सल्ले तर चांगलेच डावपेचाचे आहेत. चरकाला भाबडा समजू नका.

६. कोर्टात कायदा आणि पुरावा चालतो. वकिलाच्या बोलण्याने खरंच फरक पडतो का?

सिनेमातल्यासारखा नाही पडत. भाषणं ठोकणाऱ्याला न्यायाधीश 'मुद्द्यावर या' म्हणतात. फरक पडतो तो रोमनांच्या पहिल्या भागात, मुद्दा शोधण्यात.

केशवानंद भारती खटला घ्या. संसद घटनेत वाटेल ती दुरुस्ती करू शकते का, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयात १३ न्यायमूर्तींसमोर ६८ दिवस सुनावणी चालली आणि २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला. संसदेच्या अधिकाराला मर्यादा आहे म्हणणाऱ्या बाजूचे वकील नानी पालखीवाला यांच्या बोलण्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. पण त्यांच्या बाजूची खरी अडचण अशी होती, की संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार घटनेच्या ३६८ व्या कलमातच दिला आहे. त्याला 'इथपर्यंतच' कसं म्हणायचं? 'घटना दुरुस्त करणं म्हणजे तिची ओळखच पुसणं नव्हे', हा मुद्दा त्यावर सापडला. दुरुस्ती या शब्दाच्या अर्थातच मर्यादा आहे. या विचाराची वाट आधी डिट्रिश कॉनराड या जर्मन अभ्यासकाने दाखवली होती आणि १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात ती न्यायालयापुढे आलीही होती. शोधणं याचा अर्थ हवेतून काढणं नव्हे. कुठला मुद्दा कुठे पडला आहे आणि तो आज, या न्यायपीठापुढे का चालेल, हे ओळखणं.

उलटं उदाहरण लोकमान्यांच्या १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याचं. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकूण २१ तासांहून अधिक. केसरीतल्या मराठी लेखांचं भाषांतर करताना शब्दांना नसलेली धार चढवली, हा त्यांचा एक मोठा मुद्दा होता. ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं, सहा वर्षांची शिक्षा झाली. मग भाषण फसलं का? ज्यूरीपुरतं फसलं. पण टिळक ज्यूरीच्या खांद्यावरून मागे बसलेल्या अख्ख्या देशाशी बोलत होते, आणि निकालानंतरचे त्यांचे शब्द आज त्याच न्यायालयात दगडावर कोरलेले आहेत. विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला हेच विचारतो: तुमचा श्रोता नक्की कोण? समोर बसलेला, की ज्याच्या हाती हा कागद उद्या पडणार आहे तो?

७. भावनेला हात घालणं नेहमीच चूक का?

नाही. पण नानावटी खटला विसरू नका. एप्रिल १९५९ मध्ये मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं. बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली होती आणि गणवेशातला देखणा अधिकारी विरुद्ध रंगेल श्रीमंत अशी गोष्ट शहरभर झाली होती. सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीचा कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

कायद्याचा प्रश्न असा होता, की हे अचानक आणि गंभीर चिथावणीतून घडलं का. म्हणजे भावना हाच तिथे वादाचा विषय होता! पण पत्नीने कबुली दिल्यावर त्यांनी कुटुंबाला मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग आधी त्या माणसाच्या ऑफिसात आणि नंतर घरी गेले. डोकं थंड व्हायला एवढा वेळ पुरे, असं न्यायालय म्हणालं. संताप किती होता, याला प्रश्नाच्या उत्तरात जागा होती. अधिकारी किती रुबाबदार होता, याला नव्हती. ज्यूरीच्या खोलीत दोन्हींची गल्लत झाली, असं माझं वाचन आहे.

८. डॉक्टरने असं काही वापरणं म्हणजे रुग्णाला गुंडाळणं नाही का?

'मी काही पटवत नाही, फक्त माहिती देतो' म्हणणारे डॉक्टर प्रामाणिक असतात. पण तटस्थ वाक्य त्यांना सापडणार नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात (मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की त्यातले एक) फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा प्रश्न लोकांना विचारला होता. तीच आकडेवारी 'इतके जगतात' अशी सांगितली तर शस्त्रक्रियेकडे कल वाढतो आणि 'इतके दगावतात' अशी सांगितली तर घटतो. यात रुग्णांबरोबर डॉक्टरही सापडले.

तेच औषधांच्या जाहिरातीत. हजारात दोघांना होणारा झटका औषधाने हजारात एकाला होऊ लागला, तर 'धोका निम्म्यावर' हेही खरं आणि 'हजारात एकाचा फायदा' हेही खरं. कुठलं सांगायचं? दोन्ही सांगा, त्याच क्रमाने पुन्हा एकदा सांगा, आणि मग रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. 'कळलं ना?' विचारलं की आपल्याकडे सगळे 'हो डॉक्टर' म्हणतात. आमच्या आजीला काहीही कळलं नव्हतं तेव्हाही ती 'हो डॉक्टर'च म्हणाली होती.

९. आम्ही इंजिनिअर. आमचे आकडे बोलतात, आम्हाला हे कशाला?

माझ्या वर्गात हा प्रश्न आला की मी पडद्यावर एक स्लाइड लावतो. जानेवारी २००३, कोलंबिया अवकाशयान. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आसपास इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना बोइंगच्या इंजिनिअरांनी या धडकेचा आढावा नासापुढे मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा साधारण असा: चाचण्यांची माहिती पाहता टाइल (यानाचं उष्णतेपासून रक्षण करणारी फरशी) भेदली जाण्याचा अंदाज सावध बाजूने केलेला दिसतो. वरवर वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे चिंता नाही. खाली बुलेट, त्याखाली आत सरकवलेले छोटे बुलेट, 'लक्षणीय' हा शब्द पुन्हा पुन्हा आणि दर वेळी वेगळ्या अर्थाने. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत: तुकड्याचं घनफळ १९२० घनइंच, चाचणीतल्या नमुन्याचं ३ घनइंच.

म्हणजे आदळलेला तुकडा चाचणीत वापरलेल्यापेक्षा ६४० पट मोठा होता. चाचणीवरून या धडकेबद्दल काहीच सांगता येत नाही, हे त्या स्लाइडवरचं खरं वाक्य आणि ते कुणी लिहिलंच नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडला वेगळी जागा दिली. अपघात काही स्लाइडने केला नाही. पण ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांना चिंता वाटायला हवी होती आणि कागदाने ती वाटू दिली नाही. आकडा तर स्लाइडवर होता. तो बोलला का?

याआधीचं, उड्डाणानंतर लगेच नष्ट झालेल्या चॅलेंजर अवकाशयानाचं प्रकरणही याच जातीचं. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री इंजिनिअर रॉजर बोइजोली आणि सहकारी सांगत होते, की इतक्या थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, दगा देतील. एरवी 'सुरक्षित आहे' हे सिद्ध करावं लागतं. त्या रात्री त्यांना 'असुरक्षित आहे' हे सिद्ध करायला सांगितलं गेलं. सिद्धतेचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला आणि खोलीत कुणी त्याला नाव दिलं नाही. 'थांबा, सिद्ध कुणी करायचं?' हे विचारता येणं हा इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा भाग असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

१०. अहवाल लिहिताना वापरता येईल अशी एखादी सोपी चौकट?

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांची १९५८ ची चौकट. प्रत्येक निष्कर्षाला विचारा: आधार काय? आधारावरून निष्कर्षाकडे जाणारा पूल कुठला, आणि तो पूल कशावर उभा आहे? खात्री किती? आणि कुठल्या परिस्थितीत हे लागू पडणार नाही? यांतला पूल बहुधा न लिहिलेला असतो. कोलंबियाच्या स्लाइडवर 'चाचणीतला तुकडा आणि खरा तुकडा सारखेच वागतील' हा पूल न लिहिलेला होता. लिहिला असता तर वाचणाऱ्याने विचारलं असतं, का हो, सारखे का वागतील?

न्यायाच्या पाच पायऱ्यांत (प्रश्न ५) उदाहरण आणि उपनय हेच काम करतात. ज्याला जी चौकट लक्षात राहील ती त्याने घ्यावी.

११. मुलगी पाचवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत घालू का? त्याने हे सगळं येईल?

घाला. स्टेजची भीती जाईल, ही काही छोटी गोष्ट नाही. पण 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' पासून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' पर्यंत बाबांनी लिहिलेलं आणि आईने पाठ करून घेतलेलं भाषण म्हटल्याने युक्तिवाद येत नाही. परीक्षकांनी भाषणानंतर एक, फक्त एक प्रश्न विचारावा असं मी अनेक संयोजकांना सुचवलं. मुलं गडबडतील म्हणून बहुतेकांनी नको म्हटलं. गडबडू देत ना.

हे दुखणं नवं नाही. रोममध्ये वक्तृत्वाच्या शाळांत मुलांना खोटे खटले लढायला देत, आणि त्यांत जादूगार, रोगाच्या साथी, देववाणी आणि दुष्ट सावत्र आया यांचाच सुळसुळाट असे. पहिल्या शतकाच्या शेवटी क्विंटिलियन या शिक्षकाने तक्रार केली आहे, की विषय खऱ्या आयुष्याच्या जवळचे द्या. आपल्याकडे 'मी पंतप्रधान झालो तर' हा विषय अजून निवृत्त झालेला नाही.

घरी करण्यासारखं: तिला काही हवं असेल तर दोन कारणं मागा, आणि एक कारण आई 'नाही' का म्हणेल याचं. शिवाय ऐकायला न्या. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आहे, गावोगावी तशा व्याख्यानमाला आहेत. चांगलं ऐकल्याशिवाय चांगलं बोलणं येत नाही.

१२. वादविवाद स्पर्धेत न पटणारी बाजू मांडावी लागते. हे ढोंग नाही का?

आपल्या शास्त्रग्रंथांची रीतच अशी: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, तेही त्याला मान्य होईल इतक्या ताकदीने, मग उत्तरपक्ष. ते कुणी ढोंग म्हटलं नाही. धोका वेगळा आहे. वर्षानुवर्षं फक्त स्पर्धाच केल्या तर माणूस वाद सोडून कायमचा जल्पात राहायला जातो (प्रश्न ५). म्हणून माझ्या वर्गात तिसरी फेरी असते: 'समोरच्याचा कुठला मुद्दा तुला खरोखर पटला?' या फेरीला सर्वांत जास्त गुण. बोलके विद्यार्थी इथेच अडखळतात.

१३. अभ्यासक्रमात हे कुठे आहे का, की आपलं आपणच शिकायचं?

कागदावर आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत मूट कोर्ट सक्तीचं आहे: तीन अभिरूप खटले, प्रत्येकी १० गुण, त्यांतले ५ लेखी मांडणीला आणि ५ तोंडी युक्तिवादाला. वैद्यकीच्या पदवीला २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा घटक आला. अभियांत्रिकीच्या मूल्यांकनात संवादकौशल्य हे एक अपेक्षित फलित आहे. प्रत्यक्षात काय होतं ते विद्यार्थ्यांना विचारा. जर्नल भरायचं, सही घ्यायची. तुमच्या कॉलेजात चांगला शिक्षक असेल तर नशीब समजा.

१४. मी मराठी माध्यमातला. इंग्रजी अडखळत येतं. म्हणजे युक्तिवादात मागेच राहणार?

सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजी आहे, ते शिकावंच लागेल. पण अडखळणं उच्चाराचं आहे की मुद्द्याचं, हे आधी तपासा. मुद्दा आधी मराठीत पूर्ण लिहा, 'कारण' आणि 'म्हणून' यांच्या जागा पक्क्या करा, मग इंग्रजीत न्या. तालुका न्यायालयांत मराठीतून नेटका युक्तिवाद करणारे वकील मी पाहिले आहेत, आणि फाड फाड इंग्रजीत काहीच न म्हणणारी माणसं तर आपण सगळेच पाहतो.

१५. वाईट माणसाच्या हातात ही विद्या गेली तर? जबाबदार कोण?

प्लेटोचा संवाद (प्रश्न २) ज्याच्या नावाचा आहे त्या वक्तृत्वशिक्षक गॉर्जियासचं उत्तर: मुष्टियुद्ध शिकून कुणी बापाला मारलं तर वस्तादाला हाकलू नका. क्विंटिलियनचं उत्तर उलट: वक्ता म्हणजे बोलण्यात निपुण असा *सज्जन*, सज्जन नसेल तर तो वक्ताच नव्हे. मला दुसरं आवडतं आणि पहिलं खरं वाटतं.

पेशांनी मधला मार्ग काढला आहे तो नियमांचा. आरोपीचा वकील स्वतःचं मत बाजूला ठेवून त्याची बाजू लढवू शकतो, नव्हे लढवावीच. पण खोटा पुरावा जाणूनबुजून पुढे करणं किंवा न्यायालयाची दिशाभूल करणं त्याला मना आहे. डॉक्टर उपचाराचा आग्रह धरू शकतो, धोका लपवू शकत नाही. आणि तज्ज्ञ साक्षीदाराला कुणीही फी दिली असली तरी त्याने वकिली करायची नसते. हा शेवटचा प्रकार सर्वांत निसरडा, कारण तिथे 'मी फक्त तज्ज्ञ' असं म्हणणं हीच पटवण्याची सर्वांत मोठी युक्ती असते.

१६. आता एआय दोन मिनिटांत युक्तिवाद लिहून देतं. मग शिकायचं कशाला?

२०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कागदपत्रांत घातले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५००० डॉलर दंड केला. कागद वरवर पाहता वकिली थाटाचाच होता. गेली ती प्रश्न ४ मधली पहिली गोष्ट, विश्वासार्हता, आणि ती दंड भरून परत येत नाही.

मी वापरू नका म्हणत नाही. माझे विद्यार्थी वापरतात, मीही पूर्वपक्ष काढायला वापरतो. मात्र वर्गात एक नियम आहे: जे लिहून आणाल त्यातलं कुठलंही एक वाक्य मी बोट ठेवून विचारेन, 'हे कशावरून?' पुस्तक बंद, फोन खिशात. गेल्या वर्षी एका मुलीने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "सर, हे वाक्य मी काढून टाकते." तिला मी पूर्ण गुण दिले.